फुगडीला कुणी नाही

माजिवडा,
ता. २० ऑगस्ट १९५३

सौ. शेवंताताईस धाकट्या हेमाचा नमस्कार. भावोजींनाही सांग, पण हे पत्र त्यांच्याकडून वाचून घेऊ नकोस. तूच अक्षर लावून सावकाश वाच.

इकडे सगळे ठीक. लावणी आटोपली, आईची कंबर मात्र अजून धरलेली आहे. तू शिवून पाठवलेले पोलके छान आहे. जरा सैल होते, पण चालेल.

शाळा बरी आहे. ठाण्याच्या मुली अंगाने अगदीच काडी. वर्गात मीच सगळ्यांत उंच नि रुंद, म्हणून बाई मला मागच्या बाकावर एकटीला बसवतात. पाण्याचे पिंप सरकवायचे असले की मात्र सगळ्यांना हेमा आठवते.

नागपंचमीला शाळेत खेळ होते. फुगडीला वर्गातली जया माझ्यासमोर आली, हात पुढे केले आणि मागे घेतले. म्हणाली, "तू फिरवलंस तर मी भिंतीवर जाऊन आपटेन." सगळ्या हसल्या. जया वाईट नाही गं, तिला खरंच भीती वाटली. दुसरी कुणी पुढे येईना. शेवटी बाई म्हणाल्या, तू टाळ्या वाजव. मी खेळ संपेपर्यंत वाजवल्या.

तेव्हापासून मी अर्धीच भाकरी खाते. पोलके सैल होते ते त्यामुळेच. काल आईच्या ध्यानात आले. ती ओरडली नाही. माझ्या खांद्यांवरून हात फिरवत म्हणाली, "पोरी, ह्ये खांदं तुज्या बापासचं हान. उपाशी राहून जायचं नाय."

खरंच जात नाहीत गं. उन्हाळ्यात मिठागरात याच खांद्यांवर टोपली चढते, तेव्हा सगळे शाबासकी देतात. शाळेत गेले की तेच खांदे कुठे ठेवावेत कळत नाही.

आपण दोघी फुगडी घालायचो तेव्हा अंगण पुरायचे नाही. तुझे लग्न झाल्यापासून माझे हात तसे कुणी धरलेच नाहीत. मला फार एकटे वाटते, ताई.

आईने सांगितले, तुला पाचवा महिना आहे, यंदा फुगडी नाही. मला आनंद झाला आणि रडूही आले. तरी गौरीला ये. फिरायचे नाही. नुसती माझे हात घट्ट धरून अंगणात उभी राहा. मग मी अख्खी भाकरी खाईन.

तुझ्याच मापाची,
हेमा