खुंटीवरची टोपी

वाल्पाराइसो
९ मे १९९३

प्रिय फ्रेसियाताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि भाजलेल्या पिठाची पिशवी मिळाली. पिशवीची गाठ तू मारतेस तशी नव्हती. वाटेत कुणी उघडून पाहिली, की तूच घाईत होतीस, ते कळव. यापुढे पाकीट चिकटवलं की जोडावर आडवी सही करत जा. मीही करतो आहे.

माझी तब्येत ठणठणीत आहे. कामही नीट चाललं आहे. टेकडीवर माणसं चढवायच्या दोराच्या डब्यांचं यंत्रघर माथ्यावर आहे, तिथे मी एकटा असतो. खाली सेन्योरा एदेलमिरा तिकिटं देते, डबा भरला की फाटक लावते आणि दोनदा घंटा वाजवते. मी एकदा वाजवून उत्तर देतो आणि दांडा ओढतो. एक डबा चढतो, दुसरा उतरतो. जूनअखेर माझी उमेदवारी संपेल आणि आमचे ओस्वाल्दोसाहेब मला कायम करायचं की नाही ते ठरवतील. कायम झालो की इथल्या घराचा भाडेकरार माझ्या नावावर होईल. मग सप्टेंबरच्या सणाला तू बेटावरचं घर आवरून सामानासकट इकडे यायचं, हे ठरलेलंच आहे.

सेन्योरा एदेलमिराचा मात्र मला भरवसा वाटत नाही. साठीची बाई आहे, विधवा, गुडघे दुखतात म्हणून स्टुलावर बसून असते. रोज सकाळी पहिल्या डब्यातून ती माझ्यासाठी बोल्दोच्या पानांचा काढा थर्मासमधून वर पाठवते. बोल्दो पोटासाठी पितात हे तुलाही ठाऊक आहे. पोटाबद्दल मी तिच्याकडे चकार शब्द काढलेला नाही, कारण काढण्यासारखं काही नाहीच. मग ती का पाठवते? मी तो काढा जिरेनियमच्या कुंडीत ओततो. झाडाला अजून काही झालेलं नाही, पण झाडाला पोट नसतं.

दुसरी गोष्ट. मी कधी जरा बाहेर गेलो, म्हणजे पाणी प्यायला वगैरे, तर तेवढ्यात खालून घंटा वाजत नाही. एकदाही नाही. परत येऊन बसलो की लगेच वाजते. मी जागेवर नाही हे तिला खाली बसून कसं कळतं? कुणीतरी तिला कळवतं आहे. आणि ती ते सगळं ओस्वाल्दोसाहेबांसाठी लक्षात ठेवत असणार.

पोटाचं म्हणशील तर पूर्वीसारखंच, थोडंफार. घेवडा सोडला आहे.

तुझा,
निबाल्दो


वाल्पाराइसो
३० मे

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. जोडावरची सही शाबूत होती.

तू विचारलंस, पाणी प्यायला माणूस इतक्या वेळा बाहेर कशाला जातो, आणि यंत्रघरात पाण्याचा माठ नाही का. तुझ्यापासून काही लपत नाही. बरं, लिहितो. मी संडासात जातो. तो मागच्या अंगाला, पायऱ्या उतरून आहे. सकाळची गर्दीची वेळ सर्वांत वाईट. कामावर उपाशी येतो तरी पोट मुरडतं. आता तर घंटा ऐकली की मुरडा येतो. रविवारी चर्चची घंटा वाजली तरी येतो, तेव्हा तर मी अंथरुणात असतो. वर डब्यात बसलेल्या लोकांना सांगतो, दोराला तेल घालत होतो. परवा एकजण म्हणाला, "तुझा दोर तर माझ्या काकापेक्षा जास्त पितो रे!" सगळे हसले. मीही हसलो, पण तो असं का बोलला याचा दिवसभर विचार केला.

दवाखान्यात जाऊन आलो. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या स्वच्छ निघाल्या. डॉक्टर म्हणाले, "तुझं आतडं चिडकं आहे. त्रास खरा आहे, पण कुठल्या चित्रात दिसत नाही. दूध कमी कर, काळजी कमी कर." दुधाचं ऐकलं. पण जे चित्रात दिसत नाही ते ओस्वाल्दोसाहेबांना कसं दाखवू? ते बहाणाच समजतील. यंत्रावरचा माणूस यंत्र सोडून जातो, अशा माणसाला कोण कायम करील? म्हणून मी कुणालाच सांगितलेलं नाही. तूही शेजारी बोलू नकोस.

मी सेन्योरा एदेलमिराची परीक्षा घेतली. बाहेर जायची गरज नसताना, नेहमी करतो तशी सगळी तयारी करून, टोपी काढून खुंटीवर ठेवून (टोपी कंपनीची आहे, सही करून घेतली आहे, आणि संडासाचं छत गळतं), दार वाजवून बंद केलं आणि दोराच्या मोठ्या चाकामागे लपून बसलो. घंटा वाजली नाही. खाली माणसं जमलेली मला फटीतून दिसत होती. ती स्टुलावर बसून वर बघत होती, ताई. सरळ वर, माझ्याकडे. दाराचा आवाज तिथवर जात नाही. बाजूच्या घराला रंग देणारा एकजण शिडीवर होता, तो खुणा करतो की काय असं वाटलं, पण त्याची पाठ होती.

शेवटी वैतागून टोपी घालून खुर्चीत बसलो, तर लगेच घंटा.

आता खरी वाईट बातमी. टेकडीवरच्या एका वकिलाने लेखी तक्रार केली आहे की खालचा डबा भरूनही उभा असतो आणि त्याला कोर्टात उशीर होतो. ओस्वाल्दोसाहेब चौकशीला येणार आहेत. तिने माझं नाव सांगितलं की संपलं. तिला नुसतं तोंड उघडायचं आहे.

तुझा,
निबाल्दो


वाल्पाराइसो
१९ जून

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तीन दिवस झाले, पत्र लिहायला बसतो आणि उठतो. आता क्रमाने लिहितो.

बुधवारी ओस्वाल्दोसाहेब आले. यंत्रावर बदली माणूस बसवला आणि मला खाली बोलावलं. निघण्याआधी मला मागे जावं लागलं, ते वेगळं सांगायला नको. मग गडबडीत डब्यात बसून खाली उतरलो.

सेन्योरा एदेलमिरा स्टुलावर होती. साहेब तिला विचारत होते, "बाई, डबा भरल्यावर तुम्ही घंटा का वाजवत नाही?"

ती म्हणाली, "गुडघे, साहेब. फाटक लावायला उठायचं म्हणजे देव आठवतो."

"रोज? भर गर्दीत?"

"गर्दीत जास्तच दुखतात. धक्के देतात मेले."

मी मागे उभा होतो. मला कळेना. ती सगळं स्वतःवर घेत होती. ही कसली चाल, असंच माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू. आज स्वतःवर घेईल आणि उद्या माझ्याकडून काहीतरी वसूल करील.

तेवढ्यात पाववाला आला, डोक्यावर करंडी घेऊन. त्याने आमच्याकडे पाहिलंच नाही. टेकडीच्या माथ्याकडे एक नजर टाकली, करंडी बाकावर ठेवली आणि पाय पसरून बसला. "टोपी लटकलीय," म्हणाला. "बसा आता निवांत. पोराचं पोट."

एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, आज लवकरच!" आणि तीही बसली. तिने पिशवीतून विणकाम काढलं.

मी वर पाहिलं. यंत्रघराच्या खिडकीत, खुंटीवर माझी टोपी. उतरण्याच्या घाईत मी ती तिथेच विसरलो होतो. खालून इतकी स्पष्ट दिसते, ताई, की तिच्यावरचा पितळी बिल्लासुद्धा चमकत होता. सहा महिने मी रोज माझ्या हाताने ती तिथे लावत होतो, मळू नये म्हणून. आणि सहा महिने सगळी टेकडी ती बघत होती.

साहेबांनी विचारलं, "कुणाचं पोट?"

पाववाल्याने मान वळवली आणि त्याचा चेहराच उतरला. सेन्योरा एदेलमिरा त्याला म्हणाली, "तुझ्या तोंडाला जरा कडी लाव रे." मग साहेबांकडे वळून, "माझं. माझं पोट बिघडलेलं असतं."

"आणि टोपी वर का लटकते?"

यावर तिने माझ्याकडेही पाहिलं नाही. नजर खाली घालून शाल सारखी करत बसली. मला तेव्हा कळलं की मी गप्प राहिलो तर ती शेवटपर्यंत गप्प राहील, आणि महिनाअखेर त्या स्टुलावर दुसरं कुणीतरी असेल.

मी म्हणालो, "माझं पोट, साहेब." मग एकदम सगळंच बोललो. संडास, तेल, डॉक्टर, चिडकं आतडं. सगळ्यांसमोर. म्हातारीचं विणकाम थांबलं होतं. मला वाटलं, आत्ताच पुन्हा जावं लागणार. पण नवल म्हणजे नाही लागलं.

साहेबांनी बराच वेळ मान खाजवली. म्हणाले, "यंत्र सोडून जाणं म्हणजे दोष. पण डबा फाटक लावून उभा असेल तर कुणी मरत नाही. वकील मरणार नाही, तो नुसता ओरडेल." मग म्हणाले, "टोपी डोक्यावर हवी, तो नियम आहे. लटकवायचंच असेल तर लाल फडकं लटकव. आणि बाई, फडकं दिसलं की लोकांना सांगत जा, म्हणजे तक्रार येणार नाही."

"लोकांना ठाऊक आहे हो," पाववाला पुटपुटला.

ते गेल्यावर मी सेन्योरा एदेलमिराला विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ती म्हणाली, "माझा नवरा ट्रॉलीबस चालवायचा, लेकरा. प्रत्येक शेवटच्या थांब्यावर पळायचा. पहिल्याच आठवड्यात तुझा चेहरा बघितला, पिठासारखा. ओळखीचाच वाटला." मग जरा रागाने, "आणि माझा काढा तू कुंडीत ओततोस. वरून येणारे सांगतात मला. जिरेनियम झकास आलंय म्हणतात."

आता ते लिहितो जे लिहायला तीन दिवस लागले. साहेबांनी मला काढलं नाही, पण कायमही केलं नाही. उमेदवारी डिसेंबरपर्यंत वाढवली. करार तोवर माझ्या नावावर होत नाही. म्हणून सप्टेंबरच्या सणाला येऊ नकोस, ताई. बेटावरचं घर सोडू नकोस. तू कोंबड्या विकल्या नसशील अशी आशा आहे. मी गप्प बसलो असतो तर तू आली असतीस, हे मला ठाऊक आहे, आणि तुलाही आत्ता वाचताना कळलं असेल. रागाव हवं तर.

आज सकाळी थर्मास आला. झाकण उघडून आधी वास घेतला, सवय आहे. मग प्यालो. कडू आहे.

हे पत्र सेन्योरा एदेलमिरा घरी जाताना टपालात टाकणार आहे. जोडावर सही नाही. पाकीट मी चिकटवलेलंच नाही.

तुझाच,
निबाल्दो