निळीचं पिंप

३ जून
निवृत्तीचा तिसरा दिवस. मुलगी म्हणाली, बाबा, सप्टेंबरात रजिस्टर लग्न आहे, पांढरी साडी घेतलीय, तुम्ही रंगवून द्या. त्या दिवशी अंगावर तुमच्या हातचं काहीतरी हवं. लगेच हो म्हटलं. रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलीत मी. लेबल विभागात, पण रंग तो रंगच. गच्चीवर निळीची झाडं लावणार. अस्सल रंग काढणार.

४ जून
नर्सरीवाली म्हणाली, बी टणक असतं, भिजवून पेरा. बघू म्हटलं. तसंच पेरलं.

१९ जून
एक उगवेल तर शपथ. बियाणंच भिकार. तिला चार शब्द सुनावून नवीन आणलं. तिच्या समाधानासाठी भिजवलं.

२५ जून
उगवलं! माझी पद्धत लागू पडली.

२७ ऑगस्ट
झाडं कमरेएवढी. नर्सरीवालीचा फोन. रंग पानात असतो, फुलायच्या आत कापा म्हणे. पानं हिरवीगार आहेत, बाई! डोळे आहेत मला. निळा रंग निळ्या फुलातच असणार. थांबतो.

८ सप्टेंबर
फुलं आली. गुलाबी.
बायको हसून हसून खाली बसली. उद्या पानं घेणार. माझ्या मनात पहिल्यापासून तेच होतं.

९ सप्टेंबर
झाडं मुळासकट उपटली. पाला पिंपात, वर दगड, काठोकाठ पाणी.

११ सप्टेंबर, सकाळी
वास! शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. पाणी पिवळट हिरवं, निळ्याचा पत्ता नाही. बायको म्हणाली, पुढे घुसळायचं असतं म्हणे, विचारा तरी एकदा. घुसळायला ते काय लोणी आहे? अख्खं पिंप गच्चीच्या पाइपात ओतलं.

दुपारी
खालचा इस्त्रीवाला वर आला. पाइप मध्येच फुटलाय, पाणी त्याच्या वाळत घातलेल्या चादरीवर उडालं. पडलं तेव्हा हिरवट होतं, बघता बघता निळं झालं म्हणे. मी शपथेवर सांगितलं, आमच्याकडे निळं पाणी नव्हतंच. शब्द न् शब्द खरा.

संध्याकाळी
नर्सरीवालीला फोन. हवा लागली की निळं होतं, घुसळायचं ते त्यासाठीच. हे आधी सांगायला काय झालं होतं? गच्चीवर एक झाड उरलं नाही. मुलीला काय तोंड दाखवू?

१४ सप्टेंबर
मुलगी आली ती जिन्यातच थबकली. इस्त्रीवाल्याच्या दोरीवर ती चादर. फिकट निळे ओघळ, एकासारखा दुसरा नाही. वेडीच झाली. काका, कुणी रंगवली? तो म्हणाला, देव जाणे, साहेब तर शपथ घेऊन बसलेत. तिने माझ्याकडे पाहिलं. कबूल करावं तर पिंप ओतल्याचंही सांगावं लागणार. मी छताकडे पाहिलं. त्याने चादर तिला देऊनच टाकली. शिंपीणबाई त्या चादरीचा लग्नासाठी झगा शिवणार. मुलगी म्हणाली, साडी पांढरीच राहू द्या, बाबा, तुम्ही दमलात.

२८ सप्टेंबर
लग्न झालं. झगा दिसत होता सुरेख, खोटं कशाला बोलू. जो तो विचारत होता, रंग कुणाचा? मुलगी दर वेळी इस्त्रीवाल्याकडे बोट दाखवी, आणि तो लाजून, आपोआप झालं हो, म्हणे. साक्षीदार म्हणून सहीसुद्धा त्याचीच. तिच्या अंगावर माझ्याच हातचं होतं. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. बायको पदरात तोंड लपवून हसत होती.
फोटोच्या वेळी मुलगी म्हणाली, बाबा, जरा सरका ना, काकांना माझ्याजवळ उभं राहू दे.
सरकलो.