धाकटीचा खालचा आवाज

मंगळवार, ४ मार्च

धाकटी आली. दोन बॅगा, एक अकॉर्डियन आणि चपलांचे सात जोड. तिच्या इमारतीतल्या लोकांनी तक्रार केली म्हणे – एकच गाणं दिवसातून किती वेळा ऐकायचं? कार्यक्रम अठरा दिवसांवर आलाय. मी म्हटलं, ह्यांची कामाची खोली रिकामीच आहे, तिथे बस वाजवत. रिकामी म्हणजे काय, हत्यारं भिंतीवर तशीच आहेत. ती दारातच थांबली, पान्यांच्या रांगेकडे बघत म्हणाली, "वहिनी, इथे मी बेसूर झाले तर हे सगळे अंगावर येतील."

धाकटी म्हणजे ह्यांच्या पाठचं भावंड. माझं लग्न झालं तेव्हा मला एक दीर होता, नणंद नव्हती. पंधरा वर्षांनी उलट झालं. कुणी खोदून विचारलं तर मी एवढंच सांगते, मला एक नणंद आहे आणि ती स्टेजवर एकटी दीड तास गाते आणि लोकांना हसवते.

बुधवार, ५ मार्च

सकाळपासून अकॉर्डियन. घरात म्हैस बांधल्यासारखं वाटतंय. बरं वाटतंय.

शुक्रवार, ७ मार्च

वही हातात घेऊन समोर बसायला तिला कुणीतरी हवं होतं. विसरली की ओळ सांगायची, गाळली की पेन्सिलीनं खूण करायची. मी म्हटलं, चौथी शिकलेली बाई चालेल का? "वहिनी, तू लायब्ररीची अर्धी कपाटं संपवलीस, आता लाजू नकोस."

कपाटं नंतरची. वाचायला मी शिकले ते ह्यांच्या लिफ्टच्या माहितीपुस्तकांवर. हे लिफ्टदुरुस्ती करायचे आणि जेवताना मी त्यांना अक्षर लावून लावून वाचून दाखवायची. 'दरवाजा पूर्ण मिटल्याशिवाय लिफ्ट हलणार नाही' – न अडखळता वाचलेलं माझं पहिलं वाक्य. हे ऐकल्यावर धाकटी म्हणाली, "हे मी कार्यक्रमात घेणार."

आजचा तिचा एक विनोद: "डॉक्टरांनी विचारलं, आपण बाई आहोत असं तुम्हाला कधीपासून वाटतं? म्हटलं, नाट्यगृहाच्या मध्यंतरापासून. पुरुषांची रांग भराभर सरकत होती, तरी मी बायकांच्या रांगेत अर्धा तास उभी. मनापासून असल्याशिवाय कोण उभं राहील?"

मी हसले नाही म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, हसले की मनात.

"मनातलं हसू शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही गं."

सोमवार, १० मार्च

आज दादाचा भाग वाचला. दादा म्हणजे हे.

आपण बाई आहोत, हे तिनं ह्यांना जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं, तो प्रसंग. मीही तिथेच होते, वाढत होते. हे वर छताकडे बघत बसले. कुठल्याही खोलीत शिरले की वर बघायचे, किती वजन धरेल ते अजमावत. धाकटीनं तसंच वर बघितलं. मग आवाज खाली उतरवला आणि म्हणाली, "बरं. मग आईचं शिलाई मशीन तुला हवं, की हिला?"

हेच होते. 'बरं' म्हटल्यावर घसा साफ करायचे एकदा, तेसुद्धा. ह्यांना जाऊन दोन वर्षं तीन महिने झाले. घरात ह्यांचा आवाज कुठेही नाही, ना फोनमध्ये, ना कशात. लाजायचे.

ती पुढच्या गाण्याकडे वळली होती. मी म्हटलं, "थांब, मला ओळ सापडली नाही. परत म्हण." ओळीवर माझं बोट होतं.

तिनं परत म्हटली.

मंगळवार, ११ मार्च

आज ओळ तीनदा सापडली नाही.

गुरुवार, १३ मार्च

चहा द्यायला गेले तर धाकटी खिडकीशी बसलेली, एक हात गळ्यावर, हळूहळू गुणगुणत सूर वर नेत होती. दर वेळी दादाचा भाग झाला की असं दहा मिनिटं करते, हे आज लक्षात आलं. विचारलं.

"हा आवाज बारा वर्षं रोज सकाळी बसून मिळवलाय, वहिनी. जुना नको होता म्हणून. त्याच्यात उतरले की वाटतं, आता वर येताच आलं नाही तर?" मग हसली. "खाली जायला लिफ्ट आहे. वर यायला जिना."

आणि मी तिला रोज तीन-चारदा तो जिना चढायला लावतेय. माझ्या सुखासाठी.

शनिवार, १५ मार्च

सांगून टाकलं. "मला ओळ सापडत होती."

"माहितीय. तुझं बोट दिसत होतं."

"मग का म्हणत होतीस?"

"तू डोळे मिटायचीस. आणि खोटं कशाला बोलू, तेवढ्यापुरता तो मलाही भेटायचा."

मग मी म्हटलं, आता तो आवाज काढायचा नाही. दादाचा भाग स्वतःच्या आवाजात कर. त्यावर ती भडकली. त्या आवाजावर लोक सगळ्यात जास्त हसणार, तो गाळला तर कार्यक्रमाचा उत्तरार्ध आडवा होईल. "तू नाही उभी राहणार तिथे, मी राहणार! आवाजच नसला तर दादाचं उरतं काय?"

दार आपटून गेली. पाच मिनिटांनी चपला बदलायला परत आली – रागात दोन वेगळ्या जोडांतल्या घातल्या होत्या.

सोमवार, १७ मार्च

भाजी निवडताना तिच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. तशीच हात न धुता तिच्या खोलीत गेले.

मशीन. टेबलावरच्या त्या बोलण्यानंतर रविवारी हे तिच्या घरी मशीन घेऊन गेले होते. चौथा मजला. लिफ्ट बंद. लिफ्टदुरुस्तीवाला माणूस – तासाभरात चालू केली असती. पण नाही. "सुट्टीच्या दिवशी मी लिफ्टला हात लावत नाही." मशीन खांद्यावर घेऊन निघाले. मागे मी, झाकण घेऊन. प्रत्येक मजल्यावर टेकायचे, छताकडे बघायचे, जणू चूक छताचीच. तिसऱ्या मजल्यावर म्हणाले, "ती नीट शिवेल. हिच्यापेक्षा तरी." ही म्हणजे मी, दोन पायऱ्या खाली उभी! मग दारात जाऊन, "धाकटे, दार उघड, हात मोडले."

"ते शेवटचं मला माहितीय," धाकटी म्हणाली. "धाकटी म्हणून पहिल्यांदा तेव्हाच हाक मारली त्यानं. पण आधीच्या तीन मजल्यांचं मला कुणी सांगितलंच नाही." आणि हसत सुटली. हसता हसता अकॉर्डियनवर पालथी पडली आणि अकॉर्डियननं असा काही सूर काढला – थेट ह्यांची धाप.

दोघींनी एकदमच एकमेकींकडे बघितलं.

मग तिनं अकॉर्डियन खांद्यावर घेतलं आणि खोलीतल्या खोलीत चार मजले चढली. पाऊल पडलं की भाता उघडायचा, टेकली की मिटायचा. बोलणं सगळं तिच्या स्वतःच्या आवाजात. तरी हेच चढत होते. मी इतकी हसले की शेजारीण खिडकीतून डोकावून गेली, ही बाई बरी आहे ना म्हणून.

गुरुवार, २० मार्च

आज थिएटरात तालीम. ऐंशी खुर्च्या, डोक्यावर भिरभिरणारा पंखा. लाइटवाला म्हणे कुणाच्याच विनोदाला हसत नाही. तिसऱ्या मजल्यावर धाकटी टेकली, तेव्हा त्याला दिवा बदलायचं भान राहिलं नाही.

शनिवार, २२ मार्च

थिएटरला निघायच्या आधी लिहितेय.

सकाळी स्वयंपाकघरात होते. आतून आवाज आला, "वहिनी, जरा पाणी गरम कर."

आवाज ह्यांचा होता. मी ओट्याला धरून उभी राहिले.

धाकटी दारात आली. त्या पंख्यानं घात केला होता. घसा बसलेला, वरचा आवाज गायब, राहिला होता तो फक्त खालचा. "वहिनी, येतच नाहीये गं. काय करू?" डोळ्यांत नुसती भीती. कार्यक्रमाला नऊ तास.

ह्या वेळी तिला उतरायला कुणी लावलं नव्हतं. मी तिला नुसतं बोलतं ठेवलं असतं तरी दिवसभर पोटभर ऐकता आलं असतं.

"तोंड मीट," मी म्हटलं. "एक शब्द बोलायचा नाही."

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वाफारा, गळ्याला मफलर. हातात वही दिली. दुपारी टॉवेलखालून तिनं वही पुढे केली. लिहिलं होतं, 'तुला ऐकायचं नाही?'

वाचलं आणि टॉवेल तिच्या डोक्यावर नीट ओढला.

चार वाजता ती खिडकीशी बसली, हात गळ्यावर. एकेक पायरी चढत गेली. शेवटच्या पायरीवर सूर चिरकला. परत घेतला. टिकला. तिचाच होता.

रविवार, २३ मार्च

काल खुर्च्या कमी पडल्या. तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांत आधी मी हसले, तेही मोठ्यानं.

आज सकाळी ह्यांची आठवण आली. छताकडे बघून "बरं" म्हणाले. आवाज धाकटीचा होता. मी दुरुस्त केला नाही.