अर्धेलीचा गाळा

चौसाळा, ता. ८ जून २०२४

चि. रोहिणीस, आबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरतो. म्हणून गाळ्यांचं सगळं पत्रानेच कळवायचं, हे तू बरं ठरवलंस. हायवेवरचे तुझे दोन्ही गाळे गेले. पहिल्यात आप्पारावाने खत-बियाण्याचं दुकान टाकलं. दुसऱ्यात आपल्या गल्लीतली बायनाबाई खाणावळ घालते आहे. नवरा गेल्यापासून बिचारी घरोघर भाकरी थापत होती. दोघांचे साडेपाच-साडेपाच हजार पाच तारखेच्या आत खात्यावर पडतील आणि तुझा बँकेचा हप्ता निघेल.

मेंढरं एकेचाळीस, सगळी ठणठणीत. मीही.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा आबा आश्रुबा

पुणे, ता. १० सप्टेंबर २०२४

ती. आबांस, रोहिणीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तीन महिने भाडं अगदी वेळेवर! दिवसभर मी लोकांचे हिशेब तपासते, पण इतके गुणी भाडेकरू कुठे पाहिले नाहीत. आठ वर्षांची बचत त्या गाळ्यांत घातली तेव्हा मैत्रिणी हसल्या होत्या, आता त्यांनाच मी पावत्या दाखवते. तरी एक हप्ता चुकला तर, या धास्तीने पाच तारखेला मी खातं दोनदा उघडून बघते. म्हणून सोबत भाडेकराराचे दोन नमुने पाठवते आहे. दोघांच्या सह्या घ्या, आणि बायनाबाई आपली म्हणून तिला सोडू नका.

गोळ्या वेळेवर घ्या आणि रागावलात तरी लिहीत राहा.
तुमची रोहिणी

चौसाळा, ता. २० ऑक्टोबर २०२४

चि. रोहिणीस, अनेक आशीर्वाद.

आप्पारावाने चष्मा पुसून करार तीनदा वाचला आणि मग सही केली. बायनाबाईचं दिवाळीनंतर बघू. ती म्हणते, हात सदा पिठात हाय, आंगठा कवा उठवू. तिच्याकडे आता ट्रकवाले थांबू लागलेत. परवा एका ड्रायव्हरच्या डोळ्यांतून ठेच्याने पाणी काढलं, पण गडी परतीच्या फेरीला पुन्हा तिथेच जेवला.

मेंढरं सदतीस. यंदा गवत लई चांगलं आहे.

लेकीच्या पत्राची वाट पाहणारा,
आबा

पुणे, ता. ९ नोव्हेंबर २०२४

ती. आबांस, नमस्कार.

एकेचाळीसची सदतीस कशी झाली? चांगल्या गवताच्या साली कळप कमी होत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. मी बँकेचा उतारा काढला. बायनाबाईचं भाडं दर महिन्याला बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या खात्यातून आलं आहे. हिशेबनीस म्हणवते मी, आणि जमा रक्कम बघून खूश होत राहिले, कुणी भरली ते बघितलंच नाही. आबा, मी रागावले आहे आणि रडलेही आहे. खरं ते लिहा.

रोहिणी

चौसाळा, ता. १७ नोव्हेंबर २०२४

चि. रोहिणीस, आशीर्वाद.

सापडलो. बायनाबाईला मी गाळा अर्धेलीने दिला. शेळी-मेंढी दुसऱ्याला सांभाळायला द्यायची, पिल्लं झाली की निम्मी त्याची, निम्मी आपली, आणि व्याईपर्यंत काही मागायचं नाही, ती अर्धेली. माझ्या हातात नुसती काठी होती तेव्हा बायनाबाईच्या सासऱ्याने मला दोन मेंढ्या अशाच दिल्या होत्या. दीड वर्ष तो माझ्या दाराकडे फिरकला नाही. आपला कळप त्या दोनांचा, आणि तुझं शिक्षण त्या कळपाचं.

पण गाळा तुझा होता. तुला न विचारता दिला, हे माझं चुकलं. तुझा हप्ता चुकू नये म्हणून महिन्याला एक मेंढरू विकलं. आता छत्तीस आहेत. बायनाबाईला यातलं काही ठाऊक नाही, तिला सांगू नको.

रागातही लोभ ठेव.
आबा

पुणे, ता. २५ नोव्हेंबर २०२४

ती. आबांस, शिरसाष्टांग नमस्कार.

यापुढे एकही मेंढरू विकायचं नाही. कमी पडेल ते मी पगारातून भरीन. बायनाबाईसाठी नवा करार केला आहे. भाड्याच्या जागी लिहिलं आहे, नफ्याचा निम्मा हिस्सा. माझ्या वकील मैत्रिणीने कपाळाला हात लावला. बायनाबाईला वेगळं पत्र लिहून सगळं सांगितलं आहे. तुमचं ऐकलं नाही, माफ करा.

तुमचीच हट्टी,
रोहिणी

चौसाळा, ता. १२ जानेवारी २०२५

चि. रोहिणीस, अनेक आशीर्वाद.

तू मोठी शहाणी. बायनाबाईला वाचता येत नाही, त्यामुळे तुझं पत्र तिला मलाच वाचून दाखवावं लागलं! मेंढरांची ओळ गाळणार होतो, पण ती माझ्या तोंडाकडेच बघत होती. ऐकून उठून गेली, आठ दिवस मला बघून वाट बदलायची. मला वाटलं, माणूस तुटलं.

उसाच्या गाड्या सुरू झाल्यापासून तिच्याकडे बसायला जागा नसते. डिसेंबरचा तुझा निम्मा हिस्सा सात हजार दोनशे निघाला, तो तिने स्वतः बँकेत भरला. आणि आपल्या निम्म्यात साठवणीतले पैसे घालून काल बाजारातून दोन गाभण मेंढ्या आणून माझ्या दारात बांधल्या. मी नको नको म्हणत होतो. तर म्हणाली, मामा, या फुकट न्हाईत, अर्धेलीच्या हायेत, व्याईपर्यंत मी काय मागायची न्हाई.

मेंढरं अडतीस.

तुझा आबा