पत्त्यासकट प्रार्थना

६ सप्टेंबर १९९६, शुक्रवार
आजपासून नोंद ठेवणार. आमच्या बंगलोरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत प्रार्थनेचा दर्जा काय आहे, हे कुठेतरी लिहून ठेवलंच पाहिजे.

दर शुक्रवारी आमचे पुढारी विश्वासराव यांच्या कोरमंगल्याच्या घरी जमतो. ज्यांच्यापर्यंत सुवार्ता पोहोचलेली नाही अशा राष्ट्रांसाठी प्रार्थना. एकेक चिठ्ठी उचलायची, त्या देशासाठी मोठ्याने प्रार्थना करायची. आज सत्यवतीबाईंना येमेन आला. दुसऱ्या वाक्याला त्या जावयाच्या होसकोट्याच्या बदलीवर पोहोचल्या, आणि येमेन तिथेच राहिला. बाकीचे 'सर्व राष्ट्रांना आशीर्वाद दे' म्हणून मोकळे. नुसतं 'बंगलोर' लिहून पत्र टाकलं तर पोचेल का?

मी यशवंतपूरच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवतो. मॅट्रिकपुढे शाळा नाही. जे शिकलो ते अव्हेन्यू रोडच्या जुन्या पुस्तकांतून, स्वतःच्या अकलेवर.

६ ऑक्टोबरला कन्नड, तमिळ आणि आमची, अशी तिन्ही मंडळ्यांची एकत्र सभा. राष्ट्रांसाठीची मुख्य प्रार्थना यंदा आमच्यातला एक जण करणार. कोण, ते विश्वासराव २७ तारखेला सांगतील. खरं तर सांगण्यासारखं काही नाही. दुसरं आहे कोण?

१३ सप्टेंबर, शुक्रवार
मंगोलिया मिळाला. मनासारखा. राजधानी, तिची समुद्रसपाटीपासूनची उंची, हिवाळ्यातलं तापमान, लोकांचे गट, घोडे. सगळं प्रभूपुढे क्रमाने मांडलं.

परिणाम अपेक्षेबाहेर. उंची सांगताक्षणी विश्वासराव म्हणाले, आमेन. घोड्यांपाशी सत्यवतीबाई म्हणाल्या, आमेन, मग पुन्हा, आणखी मोठ्याने. शेवटी चारही कोपऱ्यांतून आमेन, आमेन. इतकी तहान पाहून मला भरून आलं. मंगोलिया संपवून आपणहून लाओस घेतला.

डोळे उघडले तर सत्यवतीबाई गुडघे चोळत होत्या. म्हणाल्या, पद्माकरभाऊ, तुमच्याबरोबर पायी गेल्यासारखं वाटलं. पहिल्यांदाच बाईंनी नेमकं काही सांगितलं.

१५ सप्टेंबर, रविवार
आमची क्षमा म्हणते, अहो, मध्येच म्हटलेल्या आमेनचा अर्थ 'आता पुरे' असाही असतो.

तिला मूळ हिब्रू अर्थ समजावून दिला, कोशात दाखवला. ती 'बरं' म्हणायच्या ऐवजी कन्नडातलं 'सरी' म्हणाली आणि कुकर लावायला गेली. वीस वर्षं बंगलोरात राहून हिचं मराठी असं झालंय, हिब्रूची काय कथा.

२० सप्टेंबर, शुक्रवार
आज मध्य आशिया. एक देश म्हणजे अपुरं चित्र, म्हणून शेजारचेही घेतले. उझबेकिस्तानात असताना शालनने एकदम गाणं सुरू केलं. शालन म्हणजे आमच्यातली नर्स, वय पंचवीस, नकाशाचं ज्ञान शून्य. सगळे तिच्यामागून गाऊ लागले, टाळ्यांसकट. मी डोळे मिटूनच थांबलो. कडवं संपताच ताजिकिस्तानपासून पुढे सुरू केलं. विश्वासराव हाय म्हणाले. त्यांना पाठीचा त्रास आहे.

शालनची स्वतःची प्रार्थना मी डोळे मिटेपर्यंत संपली. प्रभू, तिथल्या एखाद्या आजारी बाईच्या उशाशी कोणीतरी बसू दे, एवढंच. तिथल्या म्हणजे कुठल्या? अक्षांश तरी? माझ्या टेबलावर असा माल आला असता तर लाल खडूने फुली मारली असती.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
विश्वासरावांनी मला व्हरांड्यात नेलं. खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, पद्माकर, तुझी प्रार्थना खोल आहे रे. स्वल्प जास्तच खोल. मग गुलाबाच्या कुंडीतली वाळकी पानं खुडली. शेवटी म्हणाले, सभेत मोठ्याने प्रार्थना शालन करील. तुझ्यावर त्याहून जड काम. तिच्यानंतरची मौन प्रार्थना तू चालवायची. समोर उभा राहा, सुरू कर, तुला वाटेल तेव्हा आमेन म्हणून संपव.

क्षणभर वाईट वाटलं, नाकारत नाही. पण बसमध्ये उलगडा झाला. शालनची प्रार्थना मराठीत, म्हणजे हॉलमधल्या मूठभरांना कळणार. माझं मौन तिन्ही मंडळ्यांना कळेल. पोरीला आधी पाठवायचं आणि नंतर मुख्य माणूस. योजना पाहता विश्वासराव वाटले होते त्यापेक्षा हुशार निघाले.

क्षमाला सांगितलं तर पदर तोंडाला लावून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. तिचं मन हळवं आहे.

२ ऑक्टोबर, बुधवार
सुट्टी. मौनाची तालीम. राष्ट्रं उत्तरेकडून दक्षिणेकडे घेणार. अर्धा तास तरी लागेल. क्षमा म्हणाली, अर्ध्या तासात तमिळ मंडळीतली मुलं खुर्च्या मोडतील. मी म्हणालो, त्यांना वळण लागेल. कोटाला इस्त्री केली.

६ ऑक्टोबर, रविवार
हॉलची हवा कोंदट होती, हे आधी नोंदवतो.

शालन दीड मिनिट बोलली. शेवटी एकच आमेन झाला, तिन्ही मंडळ्यांचा मिळून. मग मी. मौनाची घोषणा केली, डोळे मिटले, मंगोलिया घेतला. राजधानी, उंची, तापमान, घोडे. सगळं बिनचूक. मग थांबलो. कोणी आमेन म्हणेना. साहजिक आहे, मौन होतं. पुन्हा राजधानीपासून सुरू केलं. उंचीपाशी पुन्हा थांबलो. पंख्याचा आवाज येत होता.

तेव्हा लक्षात आलं की मंगोलियाबद्दल मी प्रभूला सगळं सांगितलं होतं, पण मंगोलियासाठी काही मागितलंच नव्हतं. १३ तारखेलाही नाही. लाओससाठीही नाही. काय मागावं म्हणून शोधू लागलो तर त्या आजारी बाईशिवाय काही सुचेना, आणि ती शालनची.

आमेन म्हणालो. अर्धा तास सोडा, शालनपेक्षाही लवकर आटोपलं असावं.

लोक प्रसन्न चेहऱ्याने उठले. कन्नड मंडळीच्या पाळकसाहेबांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. जेवताना सत्यवतीबाई ताट घेऊन शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, पद्माकरभाऊ, खोटं नाही सांगत, आजवरची तुमची सगळ्यात चांगली प्रार्थना.

क्षमा समोरच बसली होती. आज ती हसली नाही.

मंगोलियासाठी काय मागायचं ते अजून सुचलेलं नाही.