ज्याचा विषय, त्यानं बाहेर

अक्का, गेल्या महिन्यात मी तुझा एक जुना नियम लॅपटॉपवर शिकले. बेळ्ळंदूरला आमच्या सोसायटीत पालकांनीच चालवलेलं पाळणाघर आहे आणि त्याच्या समितीची मी अध्यक्ष आहे. आता अशा समित्यांना कारभाराचं ऑनलाइन प्रशिक्षण असतं. शनिवारी सकाळी आम्ही सगळे आपापल्या घरी, कॅमेरे बंद करून, पोहे खात ऐकत होतो. शिकवणारी मुलगी म्हणाली, ज्या सदस्याचा स्वतःचा संबंध असेल, त्याने त्या विषयापुरतं बैठकीतून उठून जावं. माझा घास हातातच राहिला. त्यांच्याकडे याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. तुझ्याकडे नाव नव्हतं, स्वयंपाकघर होतं.

याच शहरातल्या शिवाजीनगरच्या भाड्याच्या घरात पुढच्या दोन खोल्यांत तू पाळणाघर चालवायचीस. सगळी मुलं तुला अक्का म्हणत म्हणून मीही; आई म्हणायचं मला कधी सुचलंच नाही. महिन्यातून एकदा मुलांच्या आया सतरंजीवर बसून सगळं ठरवत, आणि जिचा विषय निघेल ती आत जाऊन सगळ्यांची कॉफी करी. एकदा विषय मीच होते. एका मुलीच्या गालाला मी कडकडून चावले होते, आणि तिच्या आईला मी तिथे नको होते. घर तुझं, पाळणाघर तुझं, आणि तरी तू उठून आत गेलीस. मी तुझा पदर ओढत म्हणत होते, जा ना, सांग ना त्यांना. दुधावरची नजर न काढता तू म्हणालीस, "माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी तुला ठेवून घेतलं, तर ते काय खरं न्हवं. स्वल्प थांब." काही दिवस मी शेजारच्या घरी बसायचं असं ठरलं, आणि तू तुझ्या कानडी वळणाने 'सरी', बरं, म्हणून कॉफी वाढलीस. तेव्हा तू मला सावत्र वाटलीस. पण ते दिवस संपले त्या सकाळी मला हाताला धरून परत आणायला आली, ती त्या मुलीचीच आई. तू बाहेर बसून माझ्यासाठी भांडली असतीस तर ती आली नसती, हे कळायला मला निम्मं आयुष्य लागलं.

या रविवारी विषय माझ्या मुलाचा होता. साडेतीन वर्षांचा झालाय, अजून बोलत नाही. बाकीच्या मुलांबरोबर त्याला यापुढेही सांभाळणं जमेल का, हे ठरवायचं होतं. दुसऱ्या पाळणाघरांतून त्याला आधीच नकार आलेत. इथूनही आला असता तर नोकरी सोडून घरी बसण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. ते एक वेळ जमवलं असतं गं. पण चार मुलांच्या मध्ये बसून तो हसतो, ते मी फक्त इथेच बघितलंय. मी उठले तशी आमची पुण्याची सेक्रेटरी म्हणाली, "अगं, बस ना. फॉर्मॅलिटी आहे ती, कोण बघतंय?" मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. आतले आवाज चढलेले कळत होते, शब्द कळत नव्हते. मी चपलेचा पट्टा काढत होते, परत लावत होते. तू त्या दिवशी इतकी शांत कशी होतीस, हे विचारायला तू हवी होतीस. कदाचित नव्हतीसच शांत.

तो राहणार आहे, अक्का. पाळणाघरातल्या एका ताईंना अशा मुलांबरोबर कसं काम करायचं ते शिकायला पाठवायचंही ठरलंय. सेक्रेटरीने बाहेर येऊन सांगितलं, एक सोडून सगळे हात वर होते. तो एक कोणाचा, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझी भीड कोणी धरली नव्हती, म्हणजे वर झालेले हात खरे होते. हे मला तुझ्यामुळे मिळालं, आणि मी तिथेच पायरीवर बसून रडले.

हे पत्र कुठे टाकणार, राहील इथेच. पण तुझ्याइतकी मोठी मी अजून झालेली नाही. रोज सकाळी त्याला सोडताना समितीतल्या प्रत्येकाशी मी हसून बोलते, आणि बोलता बोलता बघत असते, कोण नजर चुकवतंय.