भावाच्या मापाचा शर्ट

मी, खाली सही करणारी, शिवणकामावर पोट भरलेली एक विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मी शुद्धीवर आहे, कोणाच्या दडपणाखाली नाही, आणि डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. हृदय थकले आहे, डोके नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

१. राहते घर, म्हणजे मागच्या दोन खोल्या आणि रस्त्याकडचे दुकान, माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. दुकानाची भिंत पाडून तिथे मोटार ठेवण्याचा विचार जावईबापूंनी मनात आणू नये. माणूस सोन्यासारखा आहे, पण भिंत दिसली की त्यांचे हात शिवशिवतात.

२. शिलाई मशीन आणि मोठी कात्री माझ्याकडे काजे-बटणे करणाऱ्या बाईंना द्यावी. त्या कात्रीने कोणी कागद कापला तर मी असेन तिथून ओरडेन.

३. बँकेत उरले आहे ते मुलीचेच. फारसे नाही. यजमानांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागायचे. आरोग्य विम्याच्या हप्त्यातला मोठा वाटा सरकार भरत होते, म्हणून आमचे भागत होते. ते अनुदान बंद करायचे सरकारने ठरवले. आमच्या पक्षाने अंदाजपत्रक अडवून धरले, खर्चाला मंजुरी नाही म्हणून सरकारी कचेऱ्या बंद पडल्या, आणि अनुदान वाचल्याशिवाय मागे हटणार नाही असा शब्द दिला. त्या पक्षाचे झेंडे मीच शिवत असे. माझा धाकटा भाऊ, आईच्या माघारी मी वाढवलेला, त्याच पक्षातर्फे सभागृहात निवडून गेला होता.

मग आमच्यातलेच काही जण फुटले. अनुदानावर पुढे मतदान घेऊ, एवढ्या आश्वासनावर त्यांनी अंदाजपत्रक मंजूर करून टाकले. त्यांत माझा भाऊ होता. पुढे मतदान झाले आणि त्यात अनुदान आपटले. हप्ता आवाक्याबाहेर गेला, विमा सुटला. यजमान म्हणाले, "आठवड्यातून दोनदा केलं तरी चालतंय की." चालले नाही. त्याच हिवाळ्यात ते गेले.

४. झेंड्यांचे उरलेले कापड धुऊन त्याचे उशांचे अभ्रे करावेत आणि डायलिसिस विभागाला द्यावेत. पक्षाच्या शाखाध्यक्षांनी ते मागायला येऊ नये. तडजोडीनंतर भावाच्या नावाने सर्वांत मोठ्याने ओरडले ते हेच, आणि निवडणुकीत पक्ष भुईसपाट झाल्यावर अनुदान बंद करणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसले तेही हेच. त्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

५. माझा भाऊ. तडजोड झाली त्या आठवड्यात शाखाध्यक्ष पुतळ्यासाठी शर्ट शिवून न्यायला आले. फुटलेल्यांचा म्हणून तो पुतळा चौकात जाळायचा होता. माप कोणी दिले नाही, मी विचारले नाही, कापत गेले. दुसऱ्या दिवशी भाऊ दुकानाच्या दारात उभा.

"ताई, टीव्हीवर पाहिलं. डावी बाही बोटभर आखूड होती."

लहानपणी पडून त्याचा डावा हात वाकडा जुळला आहे. त्याचे सगळे शर्ट मी तसेच शिवत आले.

"माप नसलं की हात तुझ्याच मापावर जातात," मी म्हणाले.

"लोकांचे पगार थांबले होते गं. रोज माणसं येऊन माझ्यापुढे रडायची. काय करायला हवं होतं मी?"

"ते तुझ्या भाऊजींना विचार."

तो खरोखर दवाखान्यात गेला. दोघे काय बोलले मला माहीत नाही. यजमान नंतर एवढेच म्हणाले, "त्याला तोडू नकोस. त्याला आता कुणी नाही."

मी तोडले. यजमानांना शेवटचा निरोप देताना तो लांब फाटकापाशी उभा होता, मी बोलावले नाही. पक्षाने त्याला काढून टाकले आहे. ओळखीची माणसे त्याला पाहून रस्ता बदलतात. मला त्याची फार आठवण येते आणि रागही तेवढाच आहे. दोन्ही खरे आहे म्हणून दोन्ही लिहिले. त्याला मी वस्तू काही देत नाही.

६. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी वकील नेम, असे मुलगी म्हणते. मी भावाला नेमते. त्याने या घरात यावे, पुढे दुकानात सर्वांसमोर बसावे आणि हे पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचावे, पाचवे कलमसुद्धा. मग एकेक गोष्ट लिहिल्याप्रमाणे पार पाडावी. माणसे गळ घालतील, रडतील, अडचणी सांगतील. त्यांतल्या काही अडचणी खऱ्याही असतील. तरी, राजा, या वेळी मागे हटू नकोस.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार (दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली):
१. डायलिसिस विभागातल्या नर्सबाई
२. शेजारचे चष्मेवाले

स्थळ: राहते घर, दुकानातले कापायचे टेबल
दिनांक: ९ जानेवारी